लॅमिनेशनची गोष्ट

ही गोष्ट मी कधी सांगितली नाही, असं म्हणायला मला तोंड नाही. सांगितली आहे. वीस-पंचवीस वेळा तरी. इथे सौदीत, खोबरला कुणाच्या व्हिलात आपली मराठी माणसं जमली, जेवणं झाली, की कुणीतरी म्हणतंच— अहो, ती तुमची लॅमिनेशनची गोष्ट सांगा ना. आणि मी सांगतो. खरी मात्र एकदाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला नाही, कुणालाच नाही.

आधी लोक ऐकतात ती सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या प्लांटवर एक म्हातारा अमेरिकन होता. त्याच्याकडे शंभराहून जास्त वर्षं जुनं एक बेसबॉल कार्ड होतं. त्याने ते मला स्कॅन करायला दिलं. मी ते डॉक्युमेंट रूममध्ये ठेवून जेवायला गेलो. तिथल्या कामगाराला वाटलं, हाही एक गेटपासच. त्याने उचललं आणि घातलं लॅमिनेशनच्या मशीनमध्ये. पलीकडून भाजलेल्या पापडासारखं बाहेर आलं— आणि इथे मी दोन बोटांत पापड धरल्यासारखा हात करतो. लोक हसतात. बायका "अगंबाई" म्हणतात. मग मी सांगतो की त्या एका कार्डात दम्मामला चांगली वापरलेली गाडी आली असती, आणि हसणं थांबतं. गोष्ट जमते. मला गोष्ट जमवता येते.

ती खोटी आहे. कुठे खोटी आहे ते सांगायला बसलोय, आणि बघा, अजून इकडे-तिकडेच फिरतोय.

मी इन्स्पेक्शन इंजिनिअर आहे. अबकैकजवळच्या एका प्लांटवर, अकरा वर्षं. पाइपच्या जोडाला भेग आहे का, पत्रा किती झिजला, हे बघणं माझं काम. सिन्नरचा. वडील हातगाडीवरून गॅसचे सिलिंडर पोचवायचे, आई घरी विड्या वळायची. आमच्या घरात, चुलत्यांच्या घरात, अख्ख्या गल्लीत पहिला इंजिनिअर मी. हे मी बढाई म्हणून सांगत नाही— नाही, खोटं कशाला बोलू, बढाई म्हणूनच सांगतो. मला त्याचा गर्व होता आणि आहे. त्या गर्वाचाच या गोष्टीशी संबंध आहे.

आणि मी जुनी बेसबॉल कार्डं जमवतो. हसू नका. बेसबॉल मला आजही धड कळत नाही. पण कार्ड कळतं. चार कोपरे अजून टोकदार आहेत का, छपाई मधोमध बसली आहे का, पृष्ठभागावर चरा आहे का, कडा कुणी नंतर कापून सरळ केल्यात का. भिंग, कॅलिपर, तिरका प्रकाश— माझ्या धंद्याचीच हत्यारं. कार्डाची किंमत वाढावी म्हणून लोक कोपरे कापतात, डाग धुतात, आणि मी ती लबाडी भिंगाखाली दोन मिनिटांत पकडतो. आजवर तिघांची पकडली. ऑनलाइन ग्रुपवर फोटोसकट टाकली, लोकांनी शाबासकी दिली. माझ्यासारख्या माणसाला. वैताग येतो मला स्वतःचा, खरंच.

हे वेड लावलं मिस्टर क्लाइडने. इथे सगळ्यांना पहिल्या नावापुढे मिस्टर लावतात, तसे ते मिस्टर क्लाइड. ओहायोतल्या कुठल्याशा छोट्या गावचे, अठ्ठावीस वर्षं सौदीत, मशिनरीचे जाणकार. गोऱ्यांच्या कॉलनीत शुक्रवारी सकाळी मुलांना बेसबॉल शिकवायचे. त्यांच्या केबिनमध्ये एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात कार्डं. दुपारच्या सुट्टीत मला दाखवायचे. का मलाच? कदाचित मी विचारायचो म्हणून. एकदा ते म्हणाले की सगळ्यात जुनी कार्डं सिगारेटच्या पाकिटातून येत, पाकीट वाकू नये म्हणून आत घातलेला पुठ्ठा तो. मी त्यांना सांगितलं, माझी आई विड्या वळते. आम्ही पोरं विड्यांच्या बंडलांची लेबलं जमवायचो, एक वाघ म्हणजे चार साध्या छापांच्या बरोबर. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. वाघ, आणि पुढे चार. त्या दिवसापासून आम्ही मित्र झालो असं मी म्हणेन. ते म्हणाले असते का, माहीत नाही.

त्या डब्यातलं एक कार्ड वेगळ्या पाकिटात होतं. काडेपेटीपेक्षा थोडंसं मोठं. त्यावर एका पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचं, रंगीत चित्र, चित्रामागे आकाशी पट्टी. त्यांच्या आजोबांनी रेल्वेत काम करताना सिगारेटच्या पाकिटातून काढलं आणि मुलाला दिलं, मुलाने मिस्टर क्लाइडना. तीन माणसांच्या हातातून गेलेलं आणि तरी चारही कोपरे शाबूत. इथल्या दमट हवेत त्याला बाक येतोय म्हणून मिस्टर क्लाइड कुरकुर करायचे. म्हणायचे, घरी गेलो की आधी हे प्लास्टिकमध्ये सील करून घेणार.

प्लास्टिकमध्ये सील. हे शब्द मी ऐकले आणि मला वाटलं, कळले. त्यांना म्हणायचं होतं गरम न करता कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करणं, ते मला फार पुढे कळलं.

आता इस्माईल. इथे मला थांबावंसं वाटतं, पण सांगतो.

इस्माईल दाभोळच्या खाडीकाठचा. डॉक्युमेंट रूममध्ये होता— ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, परमिट, गेटपास, फोटोकॉपी, लॅमिनेशन, सगळं त्याच्याकडे. दहावी झालेला, पण कुठला कागद कुठल्या कपाटात हे त्याला कॉम्प्युटरच्या आधी आठवायचं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. सगळे त्याला इस्माईलभाई म्हणायचे. केरळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, सगळे. मी नुसतं इस्माईल म्हणायचो, आणि अरे-तुरे करायचो. मराठी माणूस म्हणून जवळीक, असं मी स्वतःला सांगायचो. तो मला साहेबच म्हणायचा, आणि तुम्ही.

तो कंपनीचा नव्हता, माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा होता. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, धंद्याच्या रकान्यात 'आमिल' लिहिलेलं— म्हणजे मजूर. पंधरा वर्षं कागदपत्रं सांभाळणारा माणूस, आणि कागदावर मजूर. त्या वेळी मजुराला बायकोसाठी व्हिजिट व्हिसा मिळत नसे, क्लार्कला मिळे. त्याला त्याच्या हलीमाला एकदा इथे आणायचं होतं. मक्केला नेऊन उमरा करवायचा होता तिला, तीन महिने सोबत राहायचं होतं. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि दोघं एकूण तीन वर्षंही एका छपराखाली राहिली नव्हती. ठेकेदार म्हणाला, तुझ्या साहेबाला लिहून देऊ दे की हा क्लार्कचं काम करतो, मग मी इकाम्यावरचा धंदा बदलून आणतो.

त्याचा साहेब म्हणजे मी. त्याच्या टाइमशीटवर दर महिन्याला माझीच सही लागायची. ते शिफारसपत्र मीच टाइप केलं, चांगलं केलं. मग प्रिंट काढून माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि सही केली नाही. नऊ दिवस. रोज उद्यावर ढकललं. काम होतं, दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तो शटडाउन जवळ आला होता— पण सहीला किती वेळ लागतो? खरं सांगू? रोज सकाळी तो चहा घेऊन यायचा आणि एक नजर ट्रेकडे टाकायचा. माझ्या सहीची कुणीतरी वाट बघतंय, हे मला आवडत होतं. आमच्या घराण्यात सह्या करणारं आजवर कुणी नव्हतं, सह्यांसाठी ताटकळणारेच होते सगळे.

दहाव्या दिवशी मिस्टर क्लाइडनी ते कार्ड माझ्याकडे दिलं. ते रिटायर होऊन निघाले होते, गुरुवारी त्यांचा निरोपाचा कार्यक्रम. भावांसाठी त्या कार्डाचे मोठे प्रिंट काढायचे होते आणि आमच्या डॉक्युमेंट रूममधला स्कॅनर भारी होता. स्कॅन झालं. कार्ड हातात होतं. आणि माझ्या डोक्यात आलं, हे आपणच सील करून दिलं तर? निरोपाची भेट. म्हातारा खूश होईल. म्हणेल, याला कळतं.

इस्माईलला मी म्हणालो, हे लॅमिनेट कर.

त्याने कार्ड हातात घेतलं नाही. वाकून बघितलं फक्त. म्हणाला, "साहेब, जुना कागद हाय. ह्याला गरम सोसणार नाय. त्यांना विचारलंत?"

मी म्हणालो, त्यांनाच हवंय.

 आणि मग त्याने ते म्हटलं जे त्याने म्हणायला नको होतं— नाही, चुकलो, जे ऐकून मला शहाणपण यायला हवं होतं. म्हणाला, "तुमच्या डिग्रीचं काय झालेलं, तुम्हीच सांगितलंत ना."

डिग्रीचं असं झालं होतं. मी इंजिनिअर झालो तेव्हा वडिलांनी ते सर्टिफिकेट सिन्नरच्या स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेट करून आणलं. घरात तेवढी एकच गोष्ट जपण्यासारखी होती, त्यांनी जपली. पुढे सौदीची नोकरी लागली आणि सर्टिफिकेटवर शिक्के घ्यायला मुंबईला गेलो, तर खिडकीमागचा माणूस म्हणाला, प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, कुठल्या अडाण्याने केलं हे? वडील माझ्या शेजारी उभे होते, पिशवी धरून. मी म्हणालो, झेरॉक्सवाल्याने. डुप्लिकेट काढण्यात चार महिने गेले. हे मी इस्माईलला एकदा चहा पिताना हसत सांगितलं होतं.

तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. लॅमिनेशनने कागदाचं काय होतं हे त्या अख्ख्या प्लांटवर माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण तो दहावी शिकलेला माणूस मला माझ्याच बापाचा अडाणीपणा दाखवतोय, असं मला वाटलं.  मी त्याला म्हणालो— जसंच्या तसं लिहितो— "तू परमिटं चिकटव. मला शिकवू नकोस. मी बी.ई. आहे."

तो मशीनपासून बाजूला झाला. आवाज न चढवता म्हणाला, "मग तुम्ही घाला, साहेब. माझ्या हातानं नाय."

मी घातलं. माझ्या हाताने. पाउचमध्ये सरळ ठेवलं, मशीनच्या तोंडाला लावलं, रोलरने ते ओढून घेतलं. पलीकडून बाहेर आलं तेव्हा पिचरच्या चेहऱ्यावर एक फुगा होता आणि आकाशी पट्टी एका बाजूने तपकिरी झाली होती. मधून एक आडवी सुरकुती. मी ते दिव्याखाली धरलं. कागद आणि प्लास्टिक एक झालं होतं. पापड वगैरे नाही. काही मजेदार नव्हतं त्यात.

 मी म्हटलं होतं बघा, असं इस्माईल म्हणाला नाही. त्याने फक्त मशीनचं बटण बंद केलं.

मी ते कार्ड मिस्टर क्लाइडकडे नेलं. वाटेत ठरवलं होतं की खरं सांगायचं. एवढं मी शपथेवर सांगतो, पण त्याचा उपयोग काय? त्यांच्या केबिनपर्यंत ऐंशी पावलं आहेत, आणि त्या ऐंशी पावलांत मी तो निर्णय बदलला. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि खुर्चीत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, कुणी केलं? आणि माझ्या तोंडून आलं की मी जेवायला गेलो होतो, डॉक्युमेंट रूमच्या माणसाने गेटपास समजून घातलं.

इतकं सोपं होतं ते. 

ते उठले आणि म्हणाले, मला त्याच्याशी बोलायचंय. रागाने नाही. त्यांना कळून घ्यायचं होतं. आम्ही दोघं डॉक्युमेंट रूममध्ये गेलो. इस्माईलचं इंग्रजी कामापुरतं, आणि मिस्टर क्लाइडना हिंदीचा गंध नाही. म्हणजे मध्ये कोण? मी.

मिस्टर क्लाइडनी इंग्रजीत विचारलं, हे गरम मशीनमध्ये घालताना तुला काहीच वाटलं नाही का? मी इस्माईलला मराठीत म्हणालो, साहेब कार्डाबद्दल विचारतायत.

इस्माईल माझ्याकडे बघत म्हणाला, "मी नको म्हटलेलं. त्यांना सांगा, साहेब."

मी वळलो आणि इंग्रजीत सांगितलं— तो म्हणतोय, मला माहीत नव्हतं, फार वाईट वाटतंय.

कामापुरतं इंग्रजी म्हणजे किती? एवढं नक्कीच. त्याला कळलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, मला दिसलं की त्याला कळलं. त्या खोलीला काच आहे, काचेपलीकडे माझं टेबल आणि टेबलावर तो ट्रे. त्याची नजर तिकडे गेली. क्षणभरच. मग त्याने मिस्टर क्लाइडकडे बघितलं आणि स्वतःच्या तोंडाने, इंग्रजीत म्हणाला, "सॉरी, मिस्टर क्लाइड."

मी त्याला धमकी दिली नव्हती. त्याची गरजच नव्हती. काय देतोय आणि कशाच्या बदल्यात, हे त्याने स्वतः ठरवलं होतं आणि मला ते समजलं होतं. त्याने त्याचं दिलं.

मिस्टर क्लाइडनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, चुका होतात. बाहेर आल्यावर उलट मलाच धीर द्यायला लागले. गुरुवारी निरोपाच्या जेवणानंतर त्यांनी तो पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. पन्नासच्या दशकातली बावीस कार्डं. म्हणाले, भावांना यात रस नाही, तुला आहे. वर ते लॅमिनेट केलेलंही दिलं, म्हणाले, याच्याकडे बघवत नाही मला. आज लोक माझ्या ज्या संग्रहाचं कौतुक करतात ना, तो इथून सुरू झाला. मी त्यांना नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

आणि ते पत्र?

त्यावर आता सही कशी करणार? तुम्हीच सांगा. आदल्या दिवशी सगळ्या ऑफिसला कळलं की याने अमेरिकनचं मौल्यवान कार्ड जाळलं, आणि दुसऱ्या दिवशी मी लिहून देणार की हा कागदपत्रं सांभाळायला योग्य माणूस आहे? कुणीतरी विचारलं असतं. कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं. खोटं एकदा उभं केलं की त्याला टेकू द्यावे लागतात. शनिवारी इस्माईल सामान आणायला स्टोअरला गेला होता. मी त्याच्याच खोलीत गेलो, त्याच्याच श्रेडरमध्ये ते पत्र घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रे रिकामा बघितला. विचारलं, "साहेब, ते पत्र?" चेहरा उजळलेला होता त्याचा. मी म्हणालो, वर पाठवलंय. तो दोन्ही हात छातीशी नेऊन म्हणाला, अल्लाह तुमचं भलं करो. संध्याकाळी हलीमाला फोन केला असणार. तिने पासपोर्ट काढला, हे मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. मग महिनाभराने विचारलं, मग तीन महिन्यांनी. मी प्रत्येक वेळी म्हणालो, वर अडलंय, बघतो. पुढे त्याने विचारणं सोडलं.

ऑफिसात मात्र त्याची सुटका नव्हती. "इस्माईलभाई, माझा इकामा दूर ठेव हां, नाहीतर भाजशील." "भाई, पापड है क्या आज?" पापड हा शब्द माझा. मी तो कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा वापरला, लोक हसले, तेव्हाच मला कळलं की ही गोष्ट चालते. तो सगळ्यांबरोबर हसायचा. माझ्या देखत एकदाही म्हणाला नाही की मी नव्हतो. तीन वर्षं रोज सकाळी चहा आणून ठेवला माझ्यासमोर. तो चहा मी प्यायचो.

मग ठेकेदाराचं कंत्राट संपलं आणि तो कायमचा एक्झिट घेऊन गावी गेला. हलीमा इथे आली नाही. एवढंच आहे ते. कुणी मेलं नाही, कुणी बुडालं नाही. एक बाई तीन महिन्यांसाठी येणार होती, ती आली नाही.

हे सगळं आत्ताच का काढतोय? माझी मुलगी ईरा. नववीत आहे, दम्मामला इंडियन स्कूलमध्ये. या वर्षी गणपतीच्या जेवणानंतर एका मित्राच्या व्हिलात पुन्हा फर्माईश झाली, मी पुन्हा सांगितली, पापडाचा हात केला. सगळे हसले. ईरा म्हणाली, "पण बाबा, दॅट मेक्स नो सेन्स. तो रोज तेच मशीन चालवायचा ना? मग त्याला माहीत असणारच ना." कुणीतरी म्हणालं, वकील होणार ही. पुन्हा हसले. मीही हसलो. लहानपणापासून ती गोष्ट ऐकणाऱ्या पोरीला ते एका वाक्यात दिसलं, आणि अख्ख्या ऑफिसला दिसलं नाही? की दिसलं होतं सगळ्यांना आणि सोयीचं नव्हतं? मजुराने चूक केली हे ऐकायला बरं वाटतं. इंजिनिअरने केली, हे कुणाला ऐकायचं असतं?

त्यानंतर घरी कपाट उघडून कार्डं बघायला बसलो की चीड यायला लागली. कशावरही. दोन कार्डं विकायला काढली, परत ठेवली. वैशाली, माझी बायको, म्हणाली, तुझं काय बिनसलंय? काही नाही म्हणालो. शेवटी इस्माईलच्या गावचा एक जण अजून इथल्या लेबर कॅम्पात राहतो, त्याच्याकडून नंबर घेतला. गेल्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर रस्ते शांत असतात तेव्हा, गाडीत बसून फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. मुद्दे. इन्स्पेक्शन रिपोर्टसारखे.

त्याने आवाज लगेच ओळखला. "साहेब? बोला, बोला." माझी चौकशी केली, ईराची केली, आईच्या गुडघ्यांची केली— हे त्याला आठवत होतं. तो आता जेटीवर बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघतो. "आता क्लार्क हाय, साहेब," असं म्हणून हसला. हलीमा बरी आहे म्हणाला, साखर आहे तिला, आता लांबचा प्रवास झेपत नाही. मी कागद उलगडला. मी म्हणालो, इस्माईलभाई— पहिल्यांदाच भाई म्हणालो— मला तुमच्याशी एक बोलायचं होतं.

तो म्हणाला, "मला पण एक विचारायचं होतं. कित्येक वर्षं मनात हाय. विचारू?"

विचारा म्हणालो.

"त्या पत्रावर तुमची सही झालेली का? वर अडलं ते अडलं, त्याचं काय नाय. मी हलीमाला सांगितलेलं, साहेबांनी त्यांच्या बाजूनं सही केली होती. ती अजून कधी कधी विचारते. तेवढं सांगा."

कागद माझ्या मांडीवर होता. पहिला मुद्दा तोच होता.

मी म्हणालो, हो. केली होती.

तो म्हणाला, "मग ठीक. मग आमचं नशीब." आणि मग म्हणाला, बोला, तुम्ही काय बोलणार होतात? मी म्हणालो, काही नाही, सहज फोन केला होता. त्याने पुन्हा एकदा ईराला आशीर्वाद दिले आणि फोन ठेवला.

मी सही केली नव्हती.